वाटेची वही

हरित सेनेची पहिली यादी मी गुणपत्रिका समोर ठेवून केली. आठवी-नववीतली वरच्या नंबरांतली पन्नास मुलं. अक्षर चांगलं, गणवेश स्वच्छ, पाहुण्यांसमोर न अडखळता बोलणारी. राष्ट्रीय हरित सेना ही केंद्राची योजना 2001-02 साली सुरू झाली. महाराष्ट्रात तिचं काम सामाजिक वनीकरण विभागाकडे आलं आणि तीस ते पन्नास मुलांचा गट, एक प्रभारी शिक्षक, एक फाईल अशी शाळाशाळांतून तिची घडी बसली. मोरगाव परिसरातल्या आमच्या शाळेत 2011 च्या जूनमध्ये मी विज्ञान शिकवायला आले आणि पहिल्याच आठवड्यात ती फाईल माझ्याकडे आली. मला आनंद झाला. वर्गाच्या खिडकीतून दिसणारा उघडा, तपकिरी माळ हिरवा करायचा, हे मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

का ठरवलं, तेही सांगते. माझं माहेर नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचं. इंग्रजांच्या काळातला हा कालवा. आमच्या दारात उभं राहिलं की नजर जाईल तिथवर ऊस. बारामती तालुक्यात बागायत आणि जिरायत हे दोन वेगळे मुलूख आहेत. सोयरीक जुळवतानासुद्धा लोक हे बघतात. मोरगाव, सुपे हा जिरायती पट्टा, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. कऱ्हा गावाला लागून जाते, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळी दिसतात. बागायतीतून आलेल्या माझ्या डोळ्यांना हिरवं म्हणजे चांगलं आणि तपकिरी म्हणजे उणं, एवढंच कळत होतं.

2012 च्या जुलैत आम्ही शाळेमागच्या गायरानात दोनशे खड्डे घेतले. रोपवाटिकेतून वड, पिंपळ, करंज, गुलमोहर अशी रोपं आणली. प्रत्येक रोपाला एकेका मुलाचं नाव दिलं. त्या वर्षी पावसाने दगा दिला. तालुक्यात जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या, वाड्यावस्त्यांवर टँकर सुरू झाले. मी मुलांना सांगितलं, घरून येताना रोज एक बाटली पाणी आणा, आपापल्या झाडाला घाला. मुलं आणत होती. रांगेने माळावर जायची, बाटली उपडी करायची. तो देखावा बघून मला भरून यायचं.

जानेवारीत एका मुलीची आई शाळेत आली. भांडायला नाही, तिचा आवाजसुद्धा चढला नाही. "मॅडम, आमच्याकडं चार दिवसांनी टँकर येतो. पोरगी तुमच्या झाडाचं पाणी आधी काढून ठेवती आणि स्वतः कमी पिती." एवढंच बोलून ती गेली. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी बाटल्या बंद केल्या. मे महिन्यात माळावर गेले तेव्हा जिवंत रोपं बोटांवर मोजण्याइतकी होती. खड्ड्यांच्या कडेला मुलांच्या नावांच्या पाट्या तशाच उभ्या होत्या. तहानलेल्या लेकरांच्या तोंडचं पाणी मी वाळक्या काड्यांना घातलं, ही गोष्ट मला आजही टोचते.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खड्डे घ्यायचं ठरत होतं, तेव्हा नववीतला एक मुलगा सुट्टीत माझ्यापाशी घुटमळला. मेंढपाळाच्या घरातला. दिवाळीनंतर घरचे मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि हा आजीजवळ वाडीवर राहायचा. अभ्यासात मागे, त्यामुळे माझ्या यादीत नव्हता. म्हणाला, "आजी म्हणती, मॅडमला एकदा घेऊन ये."

आजी माळाच्या कडेला बांधावर बसली होती. मला शेजारी बसवून घेतलं आणि समोरचा माळ दाखवून म्हणाली, "बाई, हितं झाडं कशापायी? ह्ये गवताचं रान हाय. खड्डं घेतलं तितलं गवात मेलं, आन् झाड बी जगलं न्हाय." मग उठून ती पुढे चालायला लागली आणि पायाखालचं एकेक गवत नावाने सांगू लागली. ही मारवेल, मेंढी आधी हिला तोंड लावते. हे पवन्या. हे कुसळ, कोवळं आहे तोवर चांगलं, पिकलं की त्याची टोकं लोकरीत शिरून कातडीपर्यंत जातात, मग कळप तिकडे न्यायचा नाही. मला सगळं गवत सारखंच दिसत होतं. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी झालेली मी, त्या बांधावर मला एका गवताचं नाव सांगता येत नव्हतं.

त्या दिवसानंतर मी वाचायला लागले. दख्खनच्या या पट्ट्यात मुळातच विरळ झाडांचा गवताळ प्रदेश आहे. माती उथळ, खाली मुरूम, पाऊस थोडा आणि लहरी. गवताचा बराचसा जीव जमिनीखाली मुळांत असतो, म्हणून उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसणारं रान पहिल्या दोन पावसांत पुन्हा उठतं. आणि या उघडेपणावरच जगणारे जीव इथे आहेत: चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल. त्यांना लांबवर दिसावं लागतं, पळायला मोकळी जागा लागते. दाट झाडी झाली की त्यांचं घर गेलं. मोरगावपासून जवळ, सुप्याला, 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झालं ते चिंकाऱ्यांसाठी. क्षेत्र फक्त 5.14 चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत हरीण मावत नाही. ते गायरानात, पडीक रानात, ज्वारीच्या शेतात फिरतं. म्हणजे आमच्या शाळेमागचं ते गायरान मोकळं पडलेलं नव्हतंच. ते भरलेलं होतं.

हे मुलांपुढे मांडायचं कसं, ते एका मुलीने सोपं केलं. घरच्या जमिनीच्या वाटणीसाठी काढलेला सातबारा तिने शाळेत आणला आणि विचारलं, "मॅडम, आमच्या रानापुढं पोटखराबा लिहिलंय. खराब म्हणजे काय खराब झालंय?" मी फळ्यावर शब्द लिहिले: पडीक, पोटखराबा, ओसाड, माळ. मुलांना म्हटलं, या जागेवर काय काय राहतं ते सांगा. तासाची घंटा झाली तरी यादी संपली नव्हती. ससा, मुंगूस, घोरपड, तरस, होला, तित्तर, साळिंदराचे काटे, मधाचं मोहोळ, बोरं. जो मुलगा कधी हात वर करत नव्हता तो त्या दिवशी उभा राहूनच बोलत होता.

तेव्हा मी पन्नासांची यादी मोडली.

शाळा चालवणाऱ्या कुणालाही मी हे आवर्जून सांगते: पर्यावरणाचा गट वर्गवार करू नका आणि गुणांवर तर नकोच. आमच्या शाळेत मुलं चारी बाजूंच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. कुणी सायकलवर, कुणी एसटीने, बरीच चालत. मी वाटेप्रमाणे गट केले. एका वाटेने येणारी सगळी मुलं एका गटात, पाचवीचं पोर आणि दहावीचा दादा एकत्र. प्रत्येक वाटेला शंभर पानी वही दिली. तिच्यात चार रकाने: तारीख, वाटेवर कुठे, काय दिसलं, ते काय करत होतं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की वह्या माझ्याकडे यायच्या. चौथा रकाना मुलांना सुरुवातीला जड गेला. "पक्षी दिसला" असं सगळ्यांनीच लिहिलं. मग हळूहळू "पक्षी उडून वर गेला आणि दगडासारखा खाली पडला, पुन्हा वर गेला" असं यायला लागलं. तो डोंबारी चंडोल. नर हवेत उसळी मारतो, पंख मिटून खाली येतो, जमिनीजवळ येऊन परत उसळतो. डोंबाऱ्याच्या कसरतीवरून ज्याने त्याला हे नाव दिलं असेल, त्याची नजर या मुलांसारखीच असणार.

नावाबद्दल एक नियम केला: आधी घरचं नाव लिहायचं, पुस्तकातलं नंतर. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' शाळेच्या वाचनालयात घेतला. वनखात्यात नोकरी करता करता या माणसाने गावोगावच्या लोकांच्या तोंडची पाखरांची नावं गोळा केली होती. आपल्या आजीचा शब्द छापील पुस्तकात सापडला की मुलांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी कुठल्याही बक्षीस समारंभात पाहिलेलं नाही. योजनेतून वर्षाला मिळणारी रक्कम थोडी, तिच्यातून एक दुर्बीण झाली. ती आठवड्याला एका वाटेकडे जायची. वह्यांचा खर्च शिक्षकांनी वाटून घेतला.

सगळं चांगलंच घडलं असं नाही. 2015 च्या मार्चमध्ये एका वाटेच्या गटाला माळटिटवीची अंडी सापडली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा, भोवती खडे, आणि त्यांच्यातच खड्यांसारखी दिसणारी चार अंडी. आपल्याकडे जुनी माणसं टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज करतात: उंचवट्यावर घातली तर पाऊस दांडगा, खोलगटात घातली तर बेताचा. त्यामुळे वाडीतले म्हातारेही विचारू लागले, "कुठं घातल्यात रं?" मुलं रोज बघून यायची, रोज वहीत लिहायची. दुसऱ्या वाटांची मुलं वाकडी वाट करून जाऊ लागली. मीही एकदा गेले. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होत्या आणि आम्ही ते आमचं स्वागत असल्यासारखं ऐकत होतो. आठव्या की नवव्या दिवशी खळगा रिकामा होता. आमच्या रोजच्या येण्याजाण्याने तिथे पायवाट पडली होती, आणि त्या पायवाटेवर कुत्र्याच्या पावलांचे ठसे होते.

पाचवीतली एक मुलगी वर्गात रडली. तिला मी काय सांगणार होते? बघण्याचीही किंमत असते आणि ती बघणारा देत नाही, बघितला जाणारा देतो, हे मला शिक्षिका म्हणून आधी कळायला हवं होतं. त्या शनिवारी आम्ही नियम ठरवले आणि मुलांनीच ते प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढले. फाल्गुनापासून मृगापर्यंत पायवाट सोडायची नाही. टिटवी ओरडली की जिथे आहोत तिथे थांबायचं आणि आल्या पावली मागे फिरायचं. अंडी, पिल्लं, बीळ दिसलं तर जागा वहीत लिहायची नाही. फक्त "दिसलं" एवढंच लिहायचं. तेव्हापासून आमच्या वह्यांत काही ओळी अपुऱ्या आहेत. त्या मुद्दाम अपुऱ्या आहेत.

कुत्र्यांचा धागा मात्र आम्ही सोडला नाही. दोन वाटांच्या वह्यांत पुन्हा पुन्हा येत होतं: "हरणामागे कुत्री." या मुलांच्या भाषेत चिंकारा म्हणजे हरीणच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी, वाघाइतकंच संरक्षण असलेला, गावातल्या मोकाट कुत्र्यांपुढे मात्र टिकत नाही. तारखा आणि जागा समोरासमोर ठेवल्या तेव्हा दिसलं, की रस्त्यालगत जिथे उष्टं आणि कोंबडीचं टाकाऊ पडतं, तिथूनच टोळ्या निघतात. दहावीची चार मुलं आणि मी, आम्ही ते टाकणाऱ्या व्यावसायिकांकडे गेलो. वह्या दाखवल्या. कुणी हाकललं नाही. एकाने खड्डा घेऊन पुरायला सुरुवात केली, एकाने पिंपाला झाकण केलं, एकाने "बघतो" म्हटलं आणि बघितलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्याकडे पुन्हा गेलो.

याच काळात राज्यभर वृक्षलागवडीची मोठी लाट आली. 2016 साली दोन कोटींपासून सुरुवात झाली, 2017 ला चार, 2018 ला तेरा आणि 2019 ला तेहतीस कोटींचं उद्दिष्ट. आमच्याही शाळेला रोपं आली. ती नाकारावीत असं मला वाटलं नाही. सावली कुणाला नको असते? प्रश्न जागेचा होता. मुख्याध्यापक सरांना मी एका शनिवारी वाटेच्या गटाबरोबर चालायला नेलं. दोन तासांत त्यांनी डोंबारी पाहिला, खोकडाचं बीळ पाहिलं, आणि परतताना तेच म्हणाले की गायरानाला हात लावायचा नाही. मग रोपं कुठे लावायची याची यादी मुलांनी केली: शाळेचं कुंपण, एसटीचा थांबा, वाड्यांवरची अंगणं, विहिरींचे काठ, शेताचे बांध. म्हणजे जिथे रोज पाणी सांडतं आणि जिथे कुणीतरी रोज येतं. ती झाडं बरीच जगली. थांब्यावरच्या लिंबाखाली आता माणसं उभी असतात.

मोरगावचं नाव घेतलं की लोकांना आधी मयूरेश्वर आठवतो. अष्टविनायकांतला पहिला गणपती. माघ आणि भाद्रपदात चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते, तेव्हा गाव ओसंडून वाहतं. मुलांच्या घरच्यांची हारफुलांची, पेढ्यांची दुकानं आहेत, तेव्हा देवळाचं काम आमच्यापासून वेगळं राहणं शक्यच नव्हतं. निर्माल्यातल्या दूर्वा प्लास्टिकच्या दोऱ्यातून सोडवून खतासाठी वेगळ्या करायच्या, हे पाचवी-सहावीच्या मुलांचं आवडतं काम. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. एकदा आम्ही देवळात गेलो असताना मी मुलांना आवारातली झाडं ओळखायला सांगितली. शमी, मंदार आणि तरटी. तरटीला इथे कल्पवृक्ष मानतात. मेंढपाळाच्या घरातला तोच मुलगा, तेव्हा दहावीत, तरटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ह्यातलं एक बी झाड बागायतीतलं न्हाय." खरंच की. शमी कोरड्या रानातली. मंदार म्हणजे पांढरी रुई, मुरमाड बांधावरची. तरटी तर माळावरची काटेरी. ज्यांनी देवासाठी ही झाडं निवडली त्यांनी याच मातीतली निवडली. आणि मी त्या देवाच्या गावात येऊन गुलमोहर लावत होते.

2019 च्या सप्टेंबरातली ती रात्रही वह्यांत आहे. 25 तारखेला वरच्या अंगाला, पुरंदरकडे, पाऊस कोसळला. नाझरे धरण भरून वाहिलं आणि कऱ्हेला असा पूर आला की पार बारामती शहरातल्या काठच्या लोकांना घरं सोडावी लागली. ज्या मुलांनी नदीत फक्त क्रिकेट खेळलं होतं, त्यांनी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. पाणी ओसरल्यावर शाळा भरली तेव्हा नदीकाठच्या वाटेच्या गटाने एक साधं काम केलं. बाभळींच्या फांद्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या अडकून राहिल्या होत्या. जमिनीपासून किती हातांवर, ते मुलांनी झाडागणिक मोजलं. पुराची रेषा आणि कचऱ्याची रेषा एकच होती. राज्यात प्लास्टिकबंदी 2018 सालीच झाली होती. त्या आठवड्यात दुकानदारांच्या मुलांनी घरी काय बोलणी केली ते मी विचारलं नाही, पण पुढच्या माघी यात्रेत काही दुकानांत कागदाच्या पुड्या दिसल्या.

आता वनविभागानेच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळ-गाडीखेलला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. पुण्याहून लोक लांडगा बघायला गाड्या घेऊन येतात. आमच्या शाळेतून गेलेल्या मुलांना या रानाची किती नावं येतात, ते तिथे कुणाच्या तरी कामी यावं, असं मला मनापासून वाटतं. ती आजी आता नाही. तिने सांगितलेल्या गवतांची यादी शाळेत आहे. प्रत्येक नावासमोर वाळवलेली काडी चिकटवलेली आहे.

2012 चे ते खड्डे मात्र अजून ओळखू येतात. आम्ही ते बुजवले, पण माती सैल राहिली, पावसाचं पाणी तिथे जरा जास्त मुरतं, आणि श्रावणात माळाकडे वरच्या बाजूने पाहिलं तर मारवेलीचे गर्द ठिपके ओळीने दिसतात. आता तिथे मेंढ्या चरतात.

यंदा एप्रिलमध्ये, परीक्षा संपता संपता, मी उत्तरेकडच्या वाटेच्या गटाबरोबर चालत होते. सगळ्यांत पुढे सहावीतली मुलगी होती, तिच्या हातात वही. मधेच टिटवी ओरडली. मला ती दिसण्याआधीच मुलीने हात वर केला आणि मागची सगळी रांग जिथल्या तिथे थांबली. कुणी मान उंचावली नाही, कुणी विचारलं नाही. मुलगी मागे वळली आणि आम्हाला ओढ्याकडून लांबच्या वाटेने घेऊन निघाली. घरी पोचायला सगळ्यांनाच उशीर झाला. वहीत तिने त्या दिवसाची तारीख लिहिली, वाटेचं नाव लिहिलं, आणि पुढे एवढंच: "दिसलं. वळसा घेतला."